तान्हं बाळ, मोठं भावंड आणि खडबडीत रस्ते: 'ऑल-टेरेन' बाबागाडी निवडताना काय बघायचं?

दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की माथेरानमध्ये पुढे पायी, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने जायचं. लाल माती आणि दगडगोट्यांच्या त्या वाटेवर छोट्या प्लास्टिकच्या चाकांची बाबागाडी लगेच अडते. अर्थात त्यासाठी माथेरानलाच जायला हवं असं नाही. उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि गतिरोधक घराबाहेरच असतात. त्यात कडेवर तान्हं आणि हात सोडून पळणारं अडीच वर्षांचं भावंड असेल, तर दोन सीटच्या 'ऑल-टेरेन' स्ट्रोलरचा शोध सुरू होतो.

ऑल-टेरेन म्हणजे नेमकं काय?

मोठी चाकं, बहुतेकदा हवेचे टायर आणि धक्के झेलणारं सस्पेन्शन. पुढचं चाक एरवी गोल फिरतं, पण खडीवर ते सरळ लॉक करता यायला हवं, नाहीतर ते थरथरतं आणि गाडी भरकटते. कोरड्या वाळूत मात्र चांगली गाडीही रुतते. तिथे ती उलटी ओढत नेणं सोपं पडतं.

आधी तान्ह्याचा विचार

नवजात बाळ मान धरत नाही. बसत्या सीटमध्ये त्याची मान पुढे झुकली तर श्वासाला अडथळा येऊ शकतो. म्हणून सीट जवळपास सपाट व्हायला हवी किंवा तिच्यावर बॅसिनेट बसवता यायला हवं. खोक्यावर 'जन्मापासून' असं छापलेलं असलं तरी मॅन्युअल उघडून बघावं. काही मॉडेल्समध्ये ते फक्त बॅसिनेट लावल्यावरच लागू होतं, आणि बॅसिनेटचे पैसे वेगळे.

'जॉगिंग स्ट्रोलर' म्हणून विकत घेतली तरी बाळ निदान सहा महिन्यांचं होईपर्यंत ती घेऊन धावायचं नाही. त्यानंतरही आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

शेजारी-शेजारी की मागे-पुढे?

शेजारी-शेजारी सीट असलेली गाडी खडबडीत रस्त्यावर स्थिर राहते, पण ती साधारण 75 ते 80 सेंटिमीटर रुंद असते. जुन्या सोसायटीच्या लिफ्टचं दार याहून अरुंद असू शकतं. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन लिफ्ट, मुख्य दार आणि गाडीची डिकी मोजावी. हे न केल्यामुळे परत पाठवाव्या लागणाऱ्या बाबागाड्या कमी नसतील.

मागे-पुढे सीटची गाडी दारातून सहज जाते, पण फूटपाथच्या कडेवर चढवताना जड लागते. वरच्या सीटवरचं मोठं मूल अचानक उतरलं, किंवा हँडलला भाजीच्या पिशव्या अडकवल्या, तर तोल जाण्याची भीतीही असते.

वजनाचंही बघावं. दोन सीटची रिकामी गाडीच 15 किलोच्या आसपास भरते. सिझेरियननंतर पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असं डॉक्टर सांगतात. म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीत ही गाडी रोज कोण उचलणार, हे आधीच ठरलेलं हवं.

टायर आणि पंक्चर

हवेचे टायर मऊ चालतात, पण पंक्चर होतात. चाकं 12 किंवा 16 इंची असतील तर लहान मुलांच्या सायकलची ट्यूब अनेकदा बसते आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला काम करून देतो. फोम भरलेल्या टायरला ही कटकट नाही, धक्के मात्र थोडे जास्त.

दोन सीट लागतातच का?

मोठं मूल तीन वर्षांच्या पुढचं असेल तर बरेचदा नाही. एक सीटची दणकट गाडी आणि मागे उभं राहायची फळी पुरते. फळी कोणत्या वयापासून आणि किती वजनापर्यंत चालते, ते तपासावं. किंवा तान्हं कॅरियरमध्ये अंगाशी आणि मोठं गाडीत, हा पर्याय स्वस्तही पडतो.

पाच पट्ट्यांचा बेल्ट, पायाने लागणारा ब्रेक आणि उतारासाठी मनगटाचा पट्टा यांत तडजोड नको. उन्हात गाडीवर ओढणी किंवा चादर टाकायची सवयही सोडावी. आत हवा कोंडून बाळाला प्रचंड उकडतं.

दुकानात रिकामी गाडी कुठलीही छान वळते. मोठ्या मुलाला सोबत नेऊन त्यात बसवावं, दुसऱ्या सीटवर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवावी आणि एका हाताने वळवून बघावं.