दिनकर गांगल

दिनकर गांगल हे मराठी पत्रकार, ग्रंथसंपादक, ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीचे एक संस्थापक आणि ‘थिंक महाराष्ट्र डॉट कॉम’ या संकेतस्थळाचे मुख्य संपादक म्हणून ओळखले जातात. छापील वृत्तपत्रांत सुमारे तीस वर्षे काम केल्यावर ते आंतरजालाकडे वळले, ते मात्र ताज्या बातम्यांसाठी नव्हे.

मुद्रित पत्रकारिता

गांगल यांनी पुण्यात ‘केसरी’मध्ये पत्रकारिता केली. ‘सकाळ’ व ‘महाराष्ट्र टाइम्स’ या दैनिकांतही ते होते. गोविंद तळवलकर संपादक असताना गांगल यांनी आकारास आणलेली ‘महाराष्ट्र टाइम्स’ची रविवार पुरवणी विशेष गाजली. ललित-वृत्तलेखनासाठी त्यांना थॉम्सन फाउंडेशनची पाठ्यवृत्ती मिळाली होती.

ग्रंथाली

१९७४ मध्ये अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर आदींच्या साथीने त्यांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली. सभासद वाचकांच्या बळावर पुस्तके काढण्याचा हा प्रयोग होता. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने याच चळवळीतून वाचकांपुढे आली. प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराबाहेरचा लेखक शोधण्याची ही वृत्ती गांगल यांच्या पुढील कामातही दिसते.

थिंक महाराष्ट्र

व्हिजन महाराष्ट्र फाउंडेशनच्या वतीने चालणाऱ्या या संकेतस्थळावर महाराष्ट्रातील कर्तबगार व्यक्ती, संस्था, गावे, प्रथा, देवस्थाने व कला यांची माहिती संकलित केली जाते. सोलापूर व नाशिक जिल्ह्यांत त्यासाठी ‘संस्कृतिवेध’ या नावाने मोहिमा झाल्या. लेखकांत व्यावसायिक पत्रकारांपेक्षा शिक्षक, कार्यकर्ते व स्थानिक अभ्यासक यांचा भरणा अधिक.

दैनिकातील मजकुराचे आयुष्य एका दिवसाचे. चोपडा तालुक्यातील उनपदेवच्या उष्ण झऱ्यांसारखे स्थळ जिल्हा पानावर यात्रेच्या किंवा सहलीच्या निमित्ताने येते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. संकेतस्थळावरील लेख मात्र तारखेने नव्हे, विषयाने शोधला जातो. त्यात भर घालता येते, चूक सुधारता येते. मराठीत हे शक्य होण्यास युनिकोड कारणीभूत ठरले. त्यापूर्वी प्रत्येक दैनिकाच्या संकेतस्थळाचा टंक वेगळा असे. तो संगणकावर उतरवून घेतल्याशिवाय मजकूर वाचता येत नसे, आणि शोधयंत्राला तर तो मुळीच उमगत नसे. पुरवणीच्या संपादकाला जागेची मर्यादा छळते. संकेतस्थळाच्या संपादकाला ती नाही, परंतु दूरदूरच्या हौशी लेखकांकडून आलेली माहिती पडताळण्याचा भार वाढतो. शिवाय असे काम जाहिरातींवर चालत नाही. त्याला देणग्या लागतात, आणि संकेतस्थळ बंद पडले तर छापील अंकाप्रमाणे त्याची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात उरत नाही.

लेखन

‘माया माध्यमांची’, ‘कॅन्सर डायरी’ व ‘स्क्रीन इज द वर्ल्ड’ ही त्यांची पुस्तके होत. अरुणा ढेरे व भूषण केळकर यांच्यासह त्यांनी ‘शोध मराठीपणाचा’ हा ग्रंथ संपादित केला. ‘ग्रंथाली’च्या ‘रुची’ या मासिकाचे संपादनही त्यांनी केले.