पूरप्रसार प्रतिरूपण
पावसाचे वा पात्राबाहेर आलेले पाणी जमिनीवर कोठे, किती खोल व किती वेगाने पसरेल, हे संगणकावर काढण्याची पद्धती. पाया : फ्रेंच अभियंता सँ-व्हनां यांची प्रवाहसमीकरणे, १८७१ (पहा : जलगतिकी). भूपृष्ठाच्या अंकीय उंची-नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकातील पाणीपातळी क्षणाक्षणाला गणिताने काढतात. पाणी मुरण्याचे प्रमाणही धरावे लागते : जळकोट (जि. लातूर) भागातील काळी माती कोरडी असता भेगांतून पाणी पिते, भिजून फुगल्यावर फारसे मुरू देत नाही (पहा : काळी मृदा). नकाशातून रस्त्याचा भराव किंवा नळकांडी पूल निसटला, की उत्तर साफ चुकते. महाराष्ट्रातील ठळक उपयोजन : ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर्वसूचना प्रणाली, १२ जून २०२० रोजी कार्यान्वित.