धाराशिव जिल्हा आणि कृषी शिक्षकाची घडण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
धाराशिव (उस्मानाबाद) हा अवर्षणप्रवण व प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असलेला जिल्हा होय. कृषी शिक्षणाचा इतिहास बहुधा विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या स्थापनेपुरताच सांगितला जातो. शेती शिकविणारा शिक्षक कसा घडतो, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
शाही कृषी आयोगापुढे (१९२६-२८) दोन नमुने होते. मुंबई इलाख्यात पुण्याजवळील लोणीच्या धर्तीवर स्वतंत्र शेतकी शाळा होत्या; तर पंजाबात सामान्य शाळांतील शिक्षकांनाच लायलपूरच्या कृषी महाविद्यालयात एक वर्षाचे प्रशिक्षण दिले जाई. आयोगाने पंजाबच्या पद्धतीस पसंती दिली. पुढे १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने शेतीला मूलोद्योगांत स्थान दिले व शिक्षकाने तो उद्योग स्वतः शिकला पाहिजे, असा आग्रह धरला.

उस्मानाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने ब्रिटिश प्रांतांतील या धोरणांच्या थेट कक्षेत येत नव्हता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये परभणी येथे कृषी महाविद्यालय व १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. 'करून शिकणे' या तत्त्वावर चालणारे असे केंद्र या जिल्ह्यात तुळजापूर येथे आहे.

दोन प्रवाहांतील अंतर :
या वाटचालीत दोन प्रवाह स्वतंत्र राहिल्याचे दिसून येते. अध्यापक प्रशिक्षण संस्थांत पाठनियोजन व मूल्यमापन शिकविले जाते, पण शेत नसते. कृषी पदवीत शेत असते. विस्तार शिक्षण आणि ग्रामीण कृषी कार्यानुभवही असतो. तथापि विस्तारकार्य व अध्यापन या दोन भिन्न बाबी आहेत. शेतकरी स्वतःची अडचण घेऊन येतो. विद्यार्थ्याच्या मनात मात्र प्रथम प्रश्न निर्माण करावा लागतो. कृषी विज्ञान केंद्राचा भरही शेतकरी, ग्रामीण युवक व विस्तार कर्मचारी यांच्यावर आहे. शालेय शिक्षक त्याच्या केंद्रस्थानी नाही.

शिवाय काळाचे गणितही जुळत नाही. सरावपाठ एका तासिकेत संपतो. सोयाबीनला मात्र शंभर दिवसांच्या आसपास लागतात आणि तुरीला त्याहून अधिक. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, तर काय करावे हे वर्गातील फळ्यावर समजत नाही.

निष्कर्ष :
जिल्ह्यात कृषी संस्था आल्या. परंतु शेत आणि अध्यापनशास्त्र यांना जोडणारा दुवा निर्माण झाला नाही. प्रशिक्षणार्थी शिक्षकाने एक पूर्ण हंगाम, पेरणीपासून काढणीपर्यंत, विद्यार्थ्यांसमवेत शेतावर घालविणे हा सरावपाठाचा भाग मानला जावा. शाही आयोगाने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलेली गरज आजही कायम आहे. शाळेत शेती हा विषय आणणे सोपे आहे. तो शिकविणारा शिक्षक घडविणे हेच खरे कार्य होय.