नकार आणि अपयश : एक्झिट कोडचा अर्थविचार
युनिक्सच्या परंपरेत प्रत्येक आज्ञावली संपताना एक अंक मागे ठेवते. तोच एक्झिट कोड. शून्य म्हणजे यश, अन्य अंक म्हणजे अपयश, असा स्थूल संकेत होय. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील ‘ग्रेप’ या शोधक आज्ञावलीने मात्र शब्द न सापडल्यास १ आणि आज्ञा सदोष असल्यास २ असा भेद केला. अभाव म्हणजे दोष नव्हे, हे त्यातून मान्य झाले.

वापरकर्त्यास प्रश्न विचारणाऱ्या आज्ञावलींत नकार हा तिसरा अर्थ उद्भवतो. ‘डायलॉग’मध्ये एस्केप कळ आणि अंतर्गत चूक या दोहोंस मुळात २५५ हा एकच अंक आहे, माणसाने माघार घेतली की यंत्रणा कोसळली, हे पुढील आज्ञावलीस उमगत नाही. २०१३ साली आरंभ झालेल्या ‘एफझेडएफ’मध्ये माघारीस १३० व चुकीस २ असे स्वतंत्र अंक आहेत. अर्थभेद तेथे अंकभेद, हेच तत्त्व ग्राह्य ठरते.