मालवण किनाऱ्यावरील गृहाधारित व्यवसाय आणि कायदा (१९४८ ते २०२५) : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. मोठ्या उद्योगांचा अभाव आणि मुंबईतील चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवरील अवलंबित्व ही या भूभागाची परिचित ओळख होय. तथापि आमसुले, कोकम सरबत, लोणची, सुकी मासळी यांचे उत्पादन येथे घराच्या पडवीत आणि खळ्यातच होत आले. या व्यवसायांशी कायद्याचे नाते कसे बदलत गेले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

संरक्षणाचा कालखंड

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने विजेचा वापर असल्यास १० आणि नसल्यास २० कामगार ही मर्यादा ठरविली. त्यामुळे पडवीतील व्यवसाय नियमांच्या जाचातून सुटले. मात्र तेथे राबणाऱ्या स्त्रियाही त्या कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहिल्या. १९६७ पासून काही वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखीव झाले. लोणची व चटण्या यांचे आरक्षण एप्रिल २०१५ पर्यंत टिकले. या धोरणाने मोठ्या भांडवलाला अटकाव केला. पण बाजारपेठ मिळवून देणे हे निव्वळ आरक्षणाने साध्य होणारे नव्हते.

किनारा आणि पर्यटन

१९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास प्रतिबंध केला. पुढे १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा घोषित झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णतः सुरू झाली. शासनाच्या एका धोरणाने पाहुण्यांना निमंत्रण दिले, तर दुसऱ्याने त्यांच्यासाठी खोली बांधण्यास मनाई केली. तारकर्ली, देवबागसारख्या चिंचोळ्या किनारपट्टीवर ही विसंगती विशेष जाणवते. २०१९ च्या अधिसूचनेने घराचे जोते व दर्शनी रूप न बदलता स्थानिकांना घरगुती निवास चालविण्याची मुभा दिली. म्हणजेच राहते घर हा व्यवसाय असू शकतो, हे किनारा कायद्याने २८ वर्षांनी मान्य केले.

‘सूक्ष्म’ची बदलती व्याख्या

२००६ च्या अधिनियमाने उत्पादन क्षेत्रात यंत्रसामग्रीतील २५ लाख रुपयांपर्यंतची गुंतवणूक ‘सूक्ष्म’ मानली. १ जुलै २०२० पासून ही मर्यादा १ कोटी गुंतवणूक व ५ कोटी उलाढाल अशी झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून अनुक्रमे अडीच कोटी व १० कोटी. परिणामी पातेल्यात कोकम सरबत करणारी गृहिणी आणि कोट्यवधींची यंत्रे असलेला कारखानदार एकाच वर्गात आले. याउलट २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्यांना परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी मानली. लहानपणाची ही व्याख्या वास्तवाच्या अधिक जवळची होती.

निष्कर्ष

कायद्याने दिलेली सवलत कागदावर अवलंबून असते. कोकणात मात्र घर व जमीन अनेकदा सामायिक असतात; सातबाऱ्यावरील हिस्सेदार मुंबईत असतात आणि व्यवसाय सांभाळणाऱ्या स्त्रीचे नाव त्यावर असतेच असे नाही. अशा वेळी घर तारण ठेवून कर्ज घ्यावयाचे, तर सर्वांची संमती जमविणे हेच मोठे काम ठरते. सात दशकांत कायद्याने गुंतवणूक, कामगार, उलाढाल व अंतर मोजले. घर चालविणारी व्यक्ती आणि घराचा मालक या दोहोंमधील अंतर मात्र या मोजमापात आले नाही. सूक्ष्म व्यवसायांच्या प्रोत्साहनाचा विचार यापुढे तेथून सुरू होणे अगत्याचे आहे.