नादारी, ई.बी.सी. आणि ऑफिसातले ते रजिस्टर

शाळेची इमारत, निकाल, क्रीडांगण यांवर या स्मरणिकेत इतर मंडळी लिहीत आहेतच. मी फीबद्दल लिहितो. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या शिक्षणाचा खरा इतिहास फीच्या पावतीवर, किंवा ती पावती कधी फाडावीच लागली नाही यावर, उभा आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, हे आपण इतिहासाच्या तासाला पाठ केले. पण तो निर्णय प्राथमिकपुरता. हायस्कूलची पायरी चढायची तर दरमहा फी होतीच. गरीब मुलासाठी तिथे एकच दार होते, नादारी. पूर्ण नादारी किंवा अर्धी नादारी. ठरावीक जागा असत आणि त्या कोणाला द्यायच्या हे शाळा ठरवी. बापाने टोपी हातात घेऊन हेडमास्तरांसमोर उभे राहायचे, कोणीतरी ओळखीच्या गृहस्थाने शब्द टाकायचा. मास्तर दयाळू असतील तर मुलगा शिकला, नाहीतर गुरे राखायला गेला. शब्दही बघा कसा, नादारी! दिवाळखोराला लावायचा तोच शब्द शाळकरी पोराला.

हे चित्र बदलले ते यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना. १९५९ च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफीची योजना आली, तीच आपली ई.बी.सी. आधी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ९०० रुपये होती, लवकरच ती १२०० झाली. म्हणजे महिना शंभर रुपये. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या सवलती स्वतंत्र होत्या. इथे मात्र जातीचा रकाना न बघता फक्त उत्पन्न बघायचे होते. फी सरकार शाळेला भरून देणार, मुलाने नियमित हजर राहायचे आणि पास व्हायचे. कोणाच्या मेहेरबानीचा प्रश्नच उरला नाही. माझ्या मते महाराष्ट्राच्या खेड्यांतून पुढे जे शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कारकून, इंजिनिअर निघाले त्यांच्यामागे धरणे आणि साखर कारखान्यांइतकाच या एका फॉर्मचा हात आहे.

पण योजना मुंबईत झाली तरी ती चालवायची कोणी? शाळेने. जूनमध्ये फॉर्म वाटायचे, तलाठ्याच्या दाखल्यासाठी पोरांच्या मागे लागायचे, तहसील कचेरीचा शिक्का आहे का बघायचे, यादी करून शिक्षण खात्याकडे पाठवायची आणि पैसे येईपर्यंत शाळेचा खर्च कसाबसा भागवायचा. निरक्षर पालकांचे फॉर्म आपल्या ऑफिसातले क्लार्क स्वतः भरत आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड टेबलावर तयार ठेवत. शाळा आळशी असती तर कागदावरची सवलत कागदावरच राहिली असती.

त्या वर्षांचे रजिस्टर शाळेने मला बघू दिले. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण आकडे वाचता येतात. ‘पालकाचा धंदा’ या रकान्यात मोलमजुरी, शेती, मोलमजुरी, विडी काम, शेती, निराधार. एक गोष्ट मात्र खटकते. पगारदाराचे उत्पन्न कागदावर पक्के, त्यामुळे एखाद्या शिपायाचा मुलगा थोड्या रुपयांसाठी मर्यादेबाहेर जाई. शेतीचे उत्पन्न मात्र अंदाजाने लिहिले जाई, आणि विहीर-बैलजोडीवाल्याचा मुलगाही मर्यादेत बसे. आपल्या वर्गात दोन्ही तऱ्हेची मुले होती, हे आता सांगायला हरकत नसावी. शिवाय माफ होई ती फक्त फी. वह्या, गणवेश, एस.टी.चा पास, सहल हे घरचेच. सहलीच्या दिवशी ‘ताप आलेली’ मुले आठवतात ना?

पुढे १९८५-८६ पासून मुलींचे शिक्षण टप्प्याटप्प्याने बारावीपर्यंत मोफत झाले, आणि १९९६ पासून दहावीपर्यंत सर्वांनाच फीमाफी आली. शाळेतला ई.बी.सी.चा फॉर्म संपला. कॉलेजात ती योजना राहिली, आता तिला शाहू महाराजांचे नाव आहे. फॉर्म गेला हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर, कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे हे शाळेला दरवर्षी कळण्याचा एक मार्गही गेला.

आज त्या जागी आठवीतली एन.एम.एम.एस. परीक्षा आहे. केंद्राची ही योजना २००८ साली सुरू झाली. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठीच ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. इथेही गोष्ट तीच : उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळवायचा, ऑनलाइन अर्ज भरायचा, शाळेने पडताळणी करायची. एखाद्या बाईंनी किंवा सरांनी मनावर घेतले तर वर्गातून वीस मुले बसतात, नाहीतर दोन.

शेवटी या लेखापुरते एक स्पष्टीकरण. रजिस्टरमधली आपल्या तुकडीची यादी इथे छापावी, अशी सूचना बैठकीत आली होती. त्यात संकोच कसला, असे दोघा-तिघांचे म्हणणे पडले. त्यांची स्वतःची नावे यादीत आहेत, तेव्हा त्यांना तो अधिकार आहे. पण इतर काहींनी ही गोष्ट आपल्या मुला-सुनांनाही कधी सांगितलेली नाही. म्हणून यादी छापलेली नाही. रजिस्टर ऑफिसातल्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे. ज्याला आपले नाव बघायचे असेल त्याने मेळाव्याच्या दिवशी चहाच्या सुट्टीत ऑफिसात यावे.