कागद, नाका आणि माणूस

परवा रोह्याहून भाचा पेणला आमच्या घरी आला. त्याचे दोन ट्रक धाटावच्या एमआयडीसीतला माल वाहतात. आता त्याला लष्करी मालाच्या वाहतुकीचे काम हवे आहे. त्यासाठी गाडीच्या कागदांसोबत चालकांची पोलीस पडताळणी लागते. कागदांची पिशवी पुढे ठेवून त्याने विचारले, ‘‘मामू, आपल्या नावामुळे काम अडेल का?’’

श्रोतेहो, फौजेचा माल कोणाच्या भरवशावर सोपवायचा, हा प्रश्न जुना आहे. रेल्वे येण्यापूर्वी फौजांचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून जाई. 1803 च्या मराठे-इंग्रज युद्धात वेलस्लीच्या फौजेची भिस्तही त्यांच्यावर होती. बैल हजारो, माणसे शेकडो. पण बोलणी व्हायची तांड्याच्या नायकाशी. पुढे नायकाच्या शब्दाची जागा शिक्क्याच्या कागदाने घेतली. कागद हवाच, पण तो तपासणाऱ्याचे काय?

याचे उत्तर आपल्याच रायगडात 1993 मध्ये मिळाले. 9 जानेवारीला दिघी येथे आणि 3 व 7 फेब्रुवारीला श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडी येथे चोरटा माल उतरला. शेखाडीच्या मालात आरडीएक्स होते. लष्करी ताकदीचे हे स्फोटक साध्या गाड्यांतून पुढे गेले. दिघीचा माल तर पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवला होता. पण लाच ठरली, तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि गाड्या सुटल्या. 12 मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. 257 माणसे गेली.

कटात आमच्या नावांची माणसे होती. हे मी लपवत नाही. त्याची लाज आजही वाटते. पण पुढे टाडा न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही होते, आणि त्यांची नावे वेगवेगळ्या समाजांतली होती. सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2013 च्या निकालात या खात्यांवर कडक ताशेरे ओढले.

स्फोटांनंतर माझ्या थोरल्या मामूंचा ट्रक वाटेत वारंवार थांबवला जाई. लायसन्सवरचे नाव वाचले की ताडपत्री सोडायला लावत. मामू मुकाट्याने दोर सोडत, पुन्हा आवळत. एकदा एवढेच म्हणाले, ‘‘तपासू देत रे. तेव्हा तपासले असते तर आज ही वेळ नसती.’’

तेच मी भाच्याला सांगितले. पडताळणीला घाबरू नकोस. विचारतील ते खरे सांग, चालकांची नोंद चोख ठेव. मात्र नाक्यावर कोणी हात पुढे केला, तर लवकर सुटण्यासाठी पन्नासाची नोटही देऊ नकोस. पन्नास रुपयांत जो नाका उघडतो, तो उद्या चांदीच्या विटेवरही उघडेल.

भाच्याने पिशवी उचलली आणि चालकांचे फोटो काढून आणायला तो बाजारात गेला.